रात्रीचं अनावर खाणं : मोबाइलवरच्या कोर्सनं सुटेल का?

प्रश्न थोडक्यात असा. तुमची धाकटी बहीण २१ वर्षांची. घर खानापूर तालुक्यात, पण शिक्षणासाठी ती बेळगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दिवसभर चहावर काढते, डबा उघडतसुद्धा नाही. रात्री सगळ्या झोपल्या की खारी, चुरमुरे, उरलेला भात, घरून आलेले लाडू, हाताला लागेल ते संपवते आणि मग मोरीत जाऊन उलटी काढते. आठवड्यातून तीन-चारदा, गेलं वर्षभर. हे तिनं फक्त तुम्हाला सांगितलंय, तेही आईबाबांना सांगायचं नाही अशी शपथ घालून. दवाखान्यात यायला ती तयार नाही, कारण ओपीडीच्या रांगेत गावचं कुणीतरी भेटणारच, आणि घरात यंदा स्थळं बघायचं चाललंय. तिला मोबाइलवर इंग्रजीतला एक कोर्स सापडलाय, आपला आपण करायचा. तो करून डॉक्टर टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

कोर्स जरूर करू दे. डॉक्टर मात्र एकदा गाठावाच लागेल, आणि कोर्स एकटीनं करायचा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुली, बायका आणि काही मुलगे यांच्याबरोबर मी बावीस वर्षं याच दुखण्यावर काम करते आहे, त्या अनुभवावरून हे ठामपणे सांगते.

आधी डॉक्टरचं. उलटीबरोबर अंगातलं पोटॅशियम जातं आणि पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. वरून माणूस ठणठणीत दिसतो, वजनही नेहमीचंच असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. यासाठी लागतं ते एक रक्त तपासणं आणि एक ईसीजी. मनोविकारतज्ज्ञाच्या दारात जायचीसुद्धा गरज नाही, कुठलाही एमबीबीएस डॉक्टर हे लिहून देतो. पण डॉक्टरला खरं सांगायचं. 'अशक्तपणा वाटतो' एवढंच सांगितलं तर तो हिमोग्लोबिन बघेल, लोहाच्या गोळ्या देईल आणि घरी पाठवेल. 'वर्षभर आठवड्यातून तीन-चारदा उलटी काढते, क्षार तपासून बघा' हे वाक्य तिला तोंडानं बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. पुष्कळ जणी तशीच चिठ्ठी देतात. ती सज्ञान आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिच्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तिला दिलाय. डॉक्टरनं आईवडिलांना परस्पर फोन करायचा नसतो.

छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, हातापायांत वारंवार गोळे, उलटीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर कोर्स बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली तरी तसंच. इन्सुलिन घेणाऱ्या मुलीनं किंवा गरोदर बाईनं हा आपला-आपण मार्ग धरायचाच नाही. आणखी एक लहान गोष्ट, जी दातांच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत कुणी सांगत नाही : उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही. आम्लानं दाताचं कवच मऊ झालेलं असतं, घासलं की ते झिजतं. साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची, एवढंच. पोट साफ व्हावं म्हणून जुलाब करणाऱ्या गोळ्या ती घेते का, तेही विचारा. त्या मोठ्या आतड्यावर काम करतात, तोवर खाल्लेलं लहान आतड्यात पचून गेलेलं असतं. जातं ते पाणी आणि क्षार. वजनकाट्यावर दुसऱ्या दिवशी जे कमी दिसतं ते हेच पाणी.

आता कोर्सबद्दल. तिच्या वर्णनावरून हा बुलिमिया वाटतो. लंडनच्या जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी १९७९ मध्ये या आजाराला हे नाव दिलं. त्यावर सर्वांत जास्त अभ्यासलेली बोलण्याची उपचारपद्धत ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बांधली, आणि तिचंच एक छोटं रूप असं केलं की माणसाला स्वतः वाचून, स्वतः वही ठेवून ते करता यावं. तिला सापडलेला कोर्स बहुधा याच घराण्यातला असेल. कुठल्या आजारावर कोणता उपचार द्यावा हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेनं मे २०१७ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तीत बुलिमिया आणि अनावर खाण्याचा विकार या दोन्हींत प्रौढांसाठी पहिली पायरी म्हणून हाच उपाय सांगितलाय. म्हणजे 'डॉक्टर परवडत नाही म्हणून आपलं हे' असा दुय्यम दर्जाचा हा मार्ग नाही.

पण त्याच सूचनेत एक शब्द आहे, 'मार्गदर्शनासह'. सोळा आठवड्यांत चार ते नऊ भेटी, प्रत्येक वीस मिनिटांची. सुरुवातीला दर आठवड्याला. या वीस मिनिटांत मानसोपचार होत नाही. वही दाखवली जाते, अडलेलं बोललं जातं आणि पुढच्या आठवड्याचं एक काम ठरतं. कोर्स मोबाइलवर असो की कागदावर, पाठीशी माणूस असला तर तो पुरा होतो, नसला तर बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या धड्यावर सोडतात. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलींनी आधी एकटीनं प्रयत्न केलेला असतो, आणि सोडल्याची लाज मूळ लाजेवर चढलेली असते. म्हणून म्हणते, एकटीनं नको.

आता हा आजार चालतो कसा ते नीट समजून घ्या, कारण घरात त्याला 'जिभेचे चोचले' म्हणतात आणि ते साफ चूक आहे. आपल्याकडे म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. लोक ती टिंगलीनं वापरतात. मला ती शरीरशास्त्रातलं वाक्य वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ते स्वयंसेवक होते, त्यांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाची चिंता नव्हती. तरी काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरेना. ते पाककृती जमवायला लागले, ताटाशी तासन्‌तास बसायला लागले, चिडचिडे झाले. आणि नंतर पोटभर मिळायला लागलं तेव्हा काही जण थांबूच शकले नाहीत, पोट फुटेस्तोवर खात राहिले. त्या तरुणांच्या जिभेला कसले चोचले होते?

तुमच्या बहिणीचं रोजचं चक्र हेच आहे. सकाळपासून उपाशी, त्यामुळे रात्री शरीर हिसका मारतं. त्या हिसक्यानं खाल्लं की भीती, भीतीपोटी उलटी, उलटीनंतर 'उद्या काही खायचं नाही' असा निश्चय. त्या निश्चयातच उद्या रात्रीचं खाणं पेरलेलं असतं. तिला वाटतं तिचा निश्चय कमी पडतो. खरं तर दुखण्याला खतपाणी घालतो तो हाच निश्चय. म्हणून उपचाराचा पहिला घाव रात्रीच्या खाण्यावर घालायचा नाही, सकाळच्या उपाशीपणावर घालायचा.

याला नियमित खाणं म्हणतात : तीन वेळचं जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. आणि या ठरलेल्या वेळांच्या मध्ये खाणं नाही. भूक लागली म्हणून खायचं किंवा भूक नाही म्हणून टाळायचं असं इथं चालत नाही, कारण तिच्या भुकेचा काटा सध्या बिघडलाय. घड्याळ बघून खायचं. काय खायचं हे पहिल्या महिन्यात गौण आहे. सकाळी आठला पोहे किंवा इडली, अकराला केळं, दीडला डब्यातली भाकरी-भाजी, पाचला चहाबरोबर शेंगदाण्याची मूठ, साडेआठला जेवण. बस. रात्री हुक्की आलीच आणि खाऊन उलटी झालीच, तरी दुसऱ्या दिवशी आठचा नाश्ता चुकवायचा नाही. हे एकच वाक्य तिच्या भिंतीवर लावायचं असेल तर लावा. सगळ्यात अवघड तेच असतं, कारण त्या सकाळी घास गिळणं तिला गुन्ह्यासारखं वाटणार. वजन भराभर वाढेल ही धास्तीही असणार. अनुभव असा की नियमित खाण्यानं बहुतेकींचं वजन फारसं हलत नाही, कारण रात्रीचं खाणं आपोआप उतरतं. ती सारखी वजन करत असेल तर ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, यावर आणा.

या भागात यात दोन अडचणी हमखास येतात. एक, मेसचा डबा. तो एकदाच येतो, आणि त्याच्या वेळा मेसवाल्या मावशींच्या सोयीच्या. तेव्हा मधलं खाणं पिशवीत घेऊन निघायचं, नाहीतर ते होत नाही. दुसरी, उपास. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार. श्रद्धेविरुद्ध मी कधी बोलत नाही. पण या आजारात उपास म्हणजे आजाराला देवाचं नाव लावून घरात घेणं होतं, आणि तिला ते आतून ठाऊकही असतं. आपल्या परंपरेत आजारी माणसाला, बाळंतिणीला उपास माफ आहे. ही आजारीच आहे. सोळा आठवडे उपास नाही, देवाला हवं तर नमस्कार करून तसं सांगायचं. एका आजीबाईंनी आपल्या नातीला माझ्यासमोर सांगितलं होतं, 'तुझा सोमवार मी धरते, तू जेव.' नातीला बरं करण्यात त्या वाक्याचा वाटा माझ्याइतकाच होता.

आता वही. कोर्समध्ये ती 'सेल्फ मॉनिटरिंग' या नावानं असेल आणि ॲपमध्ये भरायला चौकटी असतील. माझा आग्रह आहे की ती कागदावर आणि मराठीत ठेवावी. आपल्याकडच्या मुली तीन भाषांत जगतात. घरी मराठी, बसमध्ये आणि ऑफिसात कन्नड, कॉलेजच्या पेपरात इंग्रजी. इंग्रजीत 'आय फेल्ट गिल्टी' असं लिहून मोकळं होता येतं, त्यात काही उकलत नाही. तेच मराठीत लिहायला बसलं की हात थांबतो. अपराधी वाटलं, की किळस आली, की आईची आठवण आली, की रूममेटचा राग आला, हे वेगवेगळं होतं. ज्या भाषेत आपल्याला 'किती खातेस गं' असं कुणीतरी म्हटलेलं असतं, त्याच भाषेत ते कागदावर उतरावं लागतं. इंग्रजी कोर्समधला धडा ती वाचू दे, पण वही आपल्या भाषेत. तिला कन्नड जवळची वाटत असेल तर कन्नड. हट्ट मराठीचा नाही, मनाच्या भाषेचा आहे.

निपाणीकडची एक बाई बचत गटाचं हिशेब पुस्तक उलटं धरून मागच्या पानांपासून लिहायची. (तिचे बाकीचे तपशील मी बदललेत.) रकाने आधीच आखलेले होते. तारीख, वेळ, काय खाल्लं, कुठं बसून, खाणं अनावर झालं का, उलटी झाली का, आणि शेवटच्या मोठ्या रकान्यात तेव्हा मनात काय चाललं होतं. घरात कुणाला शंका आली नाही, आणि तिला ते हिशेबासारखंच वाटायला लागलं : रोज मांडायचा, शिव्या घालायच्या नाहीत. किती वजनाचं, किती कॅलरीचं हे लिहायचं नाही. आणि रात्री झोपताना आठवून लिहायचं नाही, खाल्ल्या-खाल्ल्या लिहायचं. आठवून लिहिलेली वही खोटी असते, कारण लाज मधल्या मध्ये काटछाट करते.

तीन आठवड्यांत वही बोलायला लागते. त्या बाईला कळलं की तिचं खाणं सुटायचं ते मंगळवारी आणि शनिवारी. मंगळवारी गटाची बैठक असायची आणि ती तिथं जेवण टाळून जायची. शनिवारी नवरा घरी असायचा. पहिल्याला उपाय सोपा होता, बैठकीआधी जेवून जाणं. दुसऱ्यावर बराच काळ काम करावं लागलं आणि ते अन्नाचं नव्हतंच. तुमच्या बहिणीच्या वहीत काय निघेल ते मी सांगू शकत नाही. स्थळं बघायला सुरुवात झाल्यापासून वाढलं असेल तर ते तिथं दिसेल.

खायची अनावर इच्छा येते तेव्हा ती कायमची राहणार असं वाटतं. ती लाटेसारखी चढते आणि ओसरते, बहुधा अर्ध्या-पाऊण तासात. तेवढा वेळ अन्नापासून लांब काढायचा. त्यासाठी पाच-सहा गोष्टींची यादी आधीच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायची, कारण त्या क्षणी सुचत नाही. तुम्हाला फोन, गच्चीवर फेरी, आंघोळ, मेंदी काढणं, काहीही. टीव्ही किंवा रील्स त्या यादीत नकोत, त्या बघताना हात खाण्याकडेच जातो.

वीस मिनिटांचा माणूस कोण? ती तुम्हाला अक्का म्हणते, तुमच्याशी बोलली, तर सुरुवात तुम्ही करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, फोनवर. वही तिनं वाचून दाखवायची, तुम्ही मागायची नाही. 'उलटी का केलीस?' विचारायचं नाही. 'किती वेळा ठरल्या वेळी खाणं जमलं?' हे विचारायचं. 'बारीक झालीस, छान दिसतेस' आणि 'आता चेहरा भरलाय' ही दोन्ही वाक्यं बंद. दुसरं वाक्य कौतुकानं म्हटलं जातं, पण तिला ते 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. रोज पाळत ठेवायची नाही, बाथरूमबाहेर उभं राहायचं नाही. पोलीस झालात की ती खोटं बोलायला शिकेल. आणि हे ओझं तुम्हाला पेलवेनासं झालं तर तसं तिला सांगा. वीस मिनिटं बाहेरचा माणूस देईल, तुम्ही नुसती बहीण राहा.

तो बाहेरचा माणूस शोधताना ऑनलाइनचा खरा फायदा होतो. इथं खाण्याच्या विकारांवर मराठीत काम करणारी माणसं मोजकी, आणि निपाणी-चिकोडीकडचे लोक म्हणूनच कोल्हापूर-मिरज धरतात. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार देशातला कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही रुग्णाला व्हिडिओवर तपासू शकतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसलेला मनोविकारतज्ज्ञ तिच्याशी तिच्या भाषेत बोलेल, आणि रांगेत गावचं कुणी भेटणार नाही. मानसशास्त्रज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. इन्स्टाग्रामवरचे 'वेलनेस कोच' आणि २१ दिवसांची चॅलेंजेस यांच्यापासून तिला लांब ठेवा. ते विकतात तो आहार म्हणजे तिच्या चक्राची पहिली पायरी. कॅलरी मोजणारी ॲप फोनमधून काढून टाका. चॅटबॉटवरही विसंबू नका. अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेला २०२३ मध्ये आपला चॅटबॉट बंद करावा लागला, कारण तो मदत मागणाऱ्यांना वजन कमी करण्याचे सल्ले देत होता.

रात्री अकराला धीर सुटला तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा फोन नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासूनची सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास. मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. कर्नाटकातून लावला म्हणजे कन्नडच बोलावं लागेल असं नाही.

पहिले चार आठवडे महत्त्वाचे. त्यात ठरल्या वेळी खाणं थोडंफार बसलं आणि उलट्या काही कमी झाल्या, तर पुढेही गुण येण्याची आशा चांगली. काहीच हललं नाही तर आणखी बारा आठवडे रेटायचं नाही. तो तिचा दोष नव्हे, हा उपाय तिला कमी पडला एवढाच अर्थ. मग समोरासमोर उपचार. बेळगावात ओळखीची भीती असेल तर धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसला बाईमाणसाला तिकीटही पडत नाही. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. बुलिमियात फ्लुओक्सेटिन नावाच्या गोळीचाही उपयोग होतो, पण ती डॉक्टरनं द्यायची, मेडिकलमधून मागून आणायची नाही.

एक गोष्ट वेगळी सांगते, कारण हे उत्तर दुसरं कुणी वाचून आपल्या मुलीला लावेल. जी मुलगी खातच नाही, झपाट्यानं वाळत चालली आहे, पाळी थांबली आहे, तिला हा कोर्स नाही. ॲनोरेक्सियात आपला-आपण उपाय पुरत नाही, जिवाला धोका असतो. आपल्याकडे या मुली 'मला बारीक व्हायचंय' असं म्हणतीलच असं नाही. 'भूकच नाही, जेवलं की पोट फुगतं, गॅस होतो' असंच म्हणतात, आणि घरचे वर्षभर पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर उपचारात आईवडील हवेतच, तिथं शपथ पाळायची नाही.

तुमच्या बहिणीची शपथ मात्र आत्ता पाळा. पण एक करता येईल. आईला आजार न सांगता एवढं सांगा, की परीक्षा होईपर्यंत स्थळं थांबवा आणि फोनवर तिच्या अंगलटीबद्दल बोलू नका. मोठ्या लेकीचं आई ऐकते.

या रविवारी तिला फोन कराल तेव्हा कोर्सचा पहिला धडा झाला का हे विचारू नका. रक्त तपासायला कुठल्या दिवशी जायचं ते ठरवा, जमलं तर तुम्ही बरोबर जा. येताना खडेबाजारातून एक वही घ्या. आणि सोमवारी सकाळी आठला ती काय खाणार, ते फोन ठेवण्याआधी तिच्याकडून ऐका.